अयशस्वी झाल्याचा दाखला

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीतला शनिवार, बाहेर बर्फ वितळून नुसता चिखल झालेला, आणि माझा एक मित्र दारात उभा. हातात किराणा दुकानाची कापडी पिशवी. मला वाटलं वहिनींनी काहीतरी खायला पाठवलंय. (एर्लांगेनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाच्या मनात दुसऱ्याच्या हातातली पिशवी पाहून दुसरा विचार येतच नाही.) त्याने आत येऊन पिशवी टेबलावर उलटी केली. पाकिटं पडली. साठ-सत्तर तरी असतील, आणि निम्म्याहून जास्त फोडलेलीसुद्धा नव्हती.

"तुझं जर्मन माझ्यापेक्षा बरं आहे," तो म्हणाला. "जरा वाचून सांग ना, कोण किती मागतंय."

हे त्याच्या परवानगीने लिहितोय, काही तपशील बदलून. झालं होतं ते असं. पुण्यात फ्लॅट बुक केला, त्याचे हप्ते भरायला इथे कर्ज काढलं. २०२० साली नोकरी गेली. मग पहिलं कर्ज फेडायला दुसरं, दुसऱ्यासाठी क्रेडिट कार्ड, आणि मोबाईलची बिलं तशीच राहिली. पुढे नोकरी मिळाली, पण पगार कमी. फ्लॅट गेला, कर्ज राहिलं. संध्याकाळपर्यंत आम्ही बेरीज केली ती साधारण ४१ हजार युरोंची झाली. वहिनींना यातलं निम्मंही माहीत नव्हतं.

त्या ढिगात चार पिवळी पाकिटं होती. इकडे राहिलेल्यांना पिवळ्या पाकिटाचा अर्थ कळतो, तुमच्यासाठी सांगतो. कोर्टाचा कागद पिवळ्या पाकिटात येतो आणि पोस्टमन त्यावर पोचवल्याची तारीख घालतो. सावकार (म्हणजे बँक, दुकान किंवा वसुली कंपनी) कोर्टाकडे फक्त अर्ज करतो की अमुक माणूस मला इतकं देणं लागतो. आमच्या बव्हेरिया राज्याचे असे सगळे अर्ज कोबुर्गच्या कोर्टात जातात. तिथे मागणी खरी की खोटी हे कोणीही तपासत नाही. पाकीट पोचल्यापासून दोन आठवड्यांत तुम्ही हरकत घेतली नाहीत, तर पुढच्या पायरीवर त्याचा वसुलीचा हुकूम होतो, आणि तो पक्का झाला की तीस वर्षं चालतो. मित्राने चारही पाकिटं न फोडता ठेवली होती. म्हणजे चार एकतर्फी हुकूमनामे.

'एकतर्फी हुकूमनामा' हा शब्द माझ्या तोंडून निघाला आणि मीच थबकलो. हा शब्द मी लहानपणी आजीकडून ऐकला होता.

आमचं मूळ गाव शिरूर तालुक्यातलं. आमच्या घरात पूर्वी सावकारी होती हे मला माहीत होतं. पुस्तकातला मिशा पिळणारा सावकार नव्हे, आपलं कुळकर्णपण सांभाळून चार लोकांना पैसे देणारं घर. आजीची एक ठरलेली तक्रार होती. "कायदा आला आणि आपलं सगळं बुडालं." कुठला कायदा, कधी आला, हे तिलाही नीट माहीत नव्हतं, तिच्या लग्नाच्या खूप आधीची ती गोष्ट. पुढे केव्हातरी वाचनातून कळलं की तो १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा. मित्राची पाकिटं लावता लावता मी तो कायदा पहिल्यांदा कलमवार वाचला. इंजिनियरला कागद हातात दिला की तो आकृती काढतोच. तशी मीही काढली, आणि जर्मनीचा आजचा कायदा आणि आपला तो जुना कायदा शेजारी शेजारी मांडून बसलो.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, उधारी सैल झाली. युद्ध संपलं, भाव कोसळले, त्यात सारावाढ झाली. पण माझ्या मते खरी मेख बाजारात नव्हती, कागदात होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू असा की जुनी देणी उकरून कोणी गरिबाला छळू नये. झालं उलटंच! मुदत संपत आली की सावकार कुळाला बोलवायचा, थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत लिहून घ्यायचा, आणि व्याजावर व्याज सुरू. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता, एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही. पण दर तीन वर्षांनी व्याजच मुद्दल होऊन बसलं तर दामदुपट काय करणार? मग दिवाणी दावा. कुळ अडाणी, तालुक्याचं कोर्ट लांब, समन्स आलं तरी त्यात काय लिहिलंय ते कळायचं नाही. तो जायचाच नाही. हुकूमनामा एकतर्फी. ढिगाने असेच व्हायचे.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावात एका सावकाराने तिथल्या देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि त्याचं घर पाडलं. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. न्हावी नाही, पाणक्या नाही, शेतावर गडी नाही. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात दंगा झाला आणि पुणे-नगरच्या कित्येक गावांत पसरला. या दंग्याची गंमत (गंमत म्हणवत नाही खरं तर) अशी की माणसांवर फारसा हात टाकला गेला नाही. लोक खतं आणि वह्या मागत होते. मिळाल्या की जाळत होते. कशाने आपण बांधले गेलोय हे त्या न शिकलेल्या लोकांना नेमकं कळलं होतं.

सरकारने कमिशन नेमलं, मध्ये १८७६ ते ७८ चा दुष्काळ येऊन गेला, १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत हा कायदा लागू झाला.

कायदा वाचून मी चाट पडलो. कर्जापायी शेतकऱ्याला कैद बंद. जमीन खास गहाण दिलेली नसेल तर जप्ती नाही. कोर्टाने खतावरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. व्यवहार सुरू झाला तिथपर्यंत मागे जायचं, मुद्दल वेगळं, व्याज वेगळं, असा हिशोब पहिल्यापासून करायचा. पावती द्यायला सावकार बांधील. खत गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहायचं. पन्नास रुपयांवर देणं असलेल्या शेतकऱ्याला नादारीचा अर्ज करण्याची सोय. आणि सहाव्या प्रकरणात एक वेगळीच व्यवस्था. गावोगावी सरकारने काही प्रतिष्ठित माणसं नेमायची. कायद्यात त्यांना कन्सिलिएटर म्हटलंय, आपण समेटदार म्हणू. सावकाराने शेतकऱ्यावर दावा लावायच्या आधी समेटदाराकडे जायचं. त्याने दोघांना बसवून तडजोड करायचा प्रयत्न करायचा. झाली तर उत्तम. नाही झाली तर त्याने लिहून द्यायचं की प्रयत्न केला, जमला नाही. हा दाखला जोडल्याशिवाय कोर्टाने दावा घ्यायचाच नाही.

आता योगायोग पाहा. जर्मन साम्राज्याचा पहिला एकत्रित दिवाळखोरी कायदा १ ऑक्टोबर १८७९ ला, म्हणजे बरोबर एक महिना आधी, लागू झाला. त्यात कर्जदाराची मालमत्ता वाटून झाली तरी उरलेली बाकी अंगावर राहायची. सावकार मागे लागू शकायचा, पार मरेपर्यंत. हा नियम थोडाथोडका नाही, ११९ वर्षं टिकला. १ जानेवारी १९९९ ला नवा कायदा आला तेव्हा साध्या माणसाला पहिल्यांदा उरलेल्या कर्जातून सुटका मिळू लागली. सुरुवातीला त्यासाठी सात वर्षं काढावी लागायची, मग सहा. ऑक्टोबर २०२० नंतरच्या अर्जांना तीन.

या नव्या कायद्यातली पहिली पायरी कुठली? कोर्टात जायच्या आधी कर्जदाराने सर्व सावकारांशी तडजोडीचा प्रयत्न करायचा. तो फसला, तर मान्यताप्राप्त संस्थेकडून किंवा वकिलाकडून दाखला आणायचा की प्रयत्न केला, जमला नाही. तोच दाखला!

असो. मित्राला घेऊन मी शुल्डनरबेराटुंगमध्ये (कर्जदारांना सल्ला देणारं केंद्र) गेलो. जर्मनीत अशी केंद्रं नगरपालिका आणि चर्चच्या धर्मादाय संस्था चालवतात, आणि सल्ला फुकट असतो. जाताना आम्ही हुगेनॉटनप्लाट्झवरून गेलो. फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्युगेनॉट लोकांना १६८६ साली इथल्या मारग्राफने (एक प्रकारचा संस्थानिक) आसरा दिला आणि नवं एर्लांगेन वसवलं, त्यांच्या नावाचा हा चौक. आमच्या विद्यापीठाच्या नावातला दुसरा अर्धा भाग आहे तो अलेक्झांडर इथला शेवटचा मारग्राफ. त्याच्या गादीवर वारशाने आलेल्या कर्जाचा डोंगर होता. त्याने १७७७ साली आपली प्रजा सैनिक म्हणून इंग्रजांना भाड्याने दिली, अमेरिकेत लढायला, आणि त्या पैशांतून कर्जं फेडली. पुढे १७९१ मध्ये सगळं संस्थानच प्रशियाला देऊन, सालीना तनखा बांधून घेऊन हा इंग्लंडला निघून गेला. माझ्या डॉक्टरेटच्या कागदावर या गृहस्थांचं नाव आहे. मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, "मला भाड्याने द्यायला प्रजा असती तर मी कशाला इथे आलो असतो?" त्या आठवड्यात तो पहिल्यांदा हसला.

सल्लागार बाई साठीच्या आसपासच्या. पिशवी पाहून त्यांना काहीही वाटलं नाही. म्हणाल्या, "बहुतेक लोक पिशवीच आणतात." मग त्यांनी पाकिटं तारखेप्रमाणे लावली. 'कर्ज का काढलंत' हे त्यांनी विचारलं नाही. पगार किती, भाडं किती, मुलं किती, बस. सगळ्यात आधी बँकेतलं खातं जप्तीपासून संरक्षित करून घ्यायला लावलं. ही सोय २०१० पासून आहे. त्यामुळे महिन्याला एक ठरावीक रक्कम, हल्ली दीड हजार युरोंच्या आसपास आणि कुटुंब असेल तर जास्त, कोणी हात लावू शकत नाही. आधी जेवायचं बघू, सावकारांचं नंतर, असा त्यांचा क्रम.

मग यादी. आठ सावकार झाले. बाईंनी विचारलं, "आणखी कोणी? नातेवाईक?"

मित्र गप्प. मला माहीत होतं, साताऱ्याच्या काकांकडून त्याने साडेतीन लाख रुपये आणले होते. तो मराठीत मला म्हणाला, "काकांचं नाव नको घालूस रे. ते घरचे पैसे आहेत, मी देईन हळूहळू." मी भाषांतर करायच्या आत बाईंना कळलं. म्हणाल्या, सगळे घालायचे. एक लपवला तर पुढची सुटका धोक्यात येते. आणि कोणाला गुपचूप आधी द्यायचं नाही, काका असले तरी.

काकांना फोन कोणी करायचा? अर्थातच मी. पत्राचं मराठी भाषांतर करून पाठवलं आणि फोन लावला. काका भडकले. "अहो, मी मागितलेत का पैसे? घरातल्या व्यवहाराला परक्या देशाच्या कोर्टाचा कागद? आम्ही काय मारवाडी दुकान मांडलंय?" मी अर्धा तास ऐकून घेतलं. शेवटी म्हणालो, "काका, तुम्ही यादीत नसलात तर त्याचं काम अडेल." बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "किती मिळणार मला?" म्हटलं, "रुपयाला चार आणे." "म्हणजे बारा आणे सोडायचे." "हो." "सही कुठे करायची ते खूण करून पाठवा."

प्रस्ताव असा होता: दरमहा तीनशे युरो, छत्तीस महिने, सगळ्यांना आपापल्या येण्याच्या प्रमाणात. बाकी माफ. सहा जणांनी होकार दिला, त्यात सगळ्यात मोठी बँकही होती. बँकेला आकडेमोड कळते. दिवाळखोरीत याहून कमी हाती येणार हे तिला ठाऊक. दोघांनी उत्तरच दिलं नाही. आणि एकाने साफ नकार दिला, कोणी तर मोबाईलच्या थकलेल्या बिलाच्या वसुलीवाल्याने! मूळ बिल साडेतीनशे युरोंच्या आत, खर्च आणि व्याज चढवून नऊशे. कोर्टाबाहेरच्या तडजोडीला सगळ्यांचा होकार लागतो. म्हणजे प्रयत्न फसला. बाईंनी शांतपणे दाखला लिहिला, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "अभिनंदन, अयशस्वी झालं." मला वाटलं चेष्टा करतायत. पण पुढच्या पायरीवर कळलं की तो दाखला म्हणजे किल्ली होती. आता तोच प्रस्ताव कोर्टाने पाठवला. कोर्टाच्या पत्राला महिन्याभरात उत्तर दिलं नाही तर ते मौन होकार धरलं जातं. आणि डोकी व रक्कम दोन्ही हिशोबांनी निम्म्याहून जास्त बाजूने असतील तर उरलेल्याचा होकार कोर्ट आपल्या अधिकारात भरून काढू शकतं. नऊपैकी आठ. झालं.

इथे मला दोन दाखल्यांतला फरक दिसला. आपल्या १८७९ च्या कायद्यात दाखला सावकाराला हवा होता. समेट फसला की त्याला कोर्टाचं दार उघडायचं. मग समेट व्हावा असं त्याला का वाटावं? त्यामुळे पुष्कळ ठिकाणी समेटदाराकडे जाणं हा नुसता उपचार झाला. समेटदार बिनपगारी, गावातला वजनदार माणूस, त्याचं उठणंबसणं सावकाराच्याच ओसरीवर. कुळाच्या शेजारी बसून त्याची पाकिटं तारखेप्रमाणे लावणारं कोणी नव्हतं. पुढे ते प्रकरण रद्दच झालं. इथे दाखला कर्जदाराला हवा असतो, आणि फसलेल्या समेटाने नकार देणाऱ्याचाच तोटा होतो. यंत्र तेच, फक्त झडप उलटी बसवली आहे. (व्यवसायाचा दोष, माफ करा.)

तरी तो कायदा पोकळ होता असं म्हणवत नाही. हिशोब मागून उलगडण्याचं काम जिथे नीट झालं तिथे खताचे आकडे निम्म्यावर आले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८८० च्या दशकात आणि पुढे १८९३ साली उच्च न्यायालयात जाईपर्यंत याच कायद्याखाली काम केलं. या निकालांवर अपील नव्हतं, त्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून खालच्या कोर्टांची दप्तरं तपासायची. त्या दौऱ्यांचं वर्णन रमाबाईंच्या आठवणींत आहे. रानड्यांना कायद्याची दुसरी उणीवही दिसत होती. जुन्या कर्जातून माणूस सुटला, पण पुढच्या जूनमध्ये बियाण्याला पैसे कोण देणार? सावकाराने हात आखडला होता. म्हणून विल्यम वेडरबर्न आणि रानडे यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली: आधी सावकारांशी तडजोड करून जुनी देणी मिटवायची, आणि मग बँकेने कमी व्याजाने नवं कर्ज द्यायचं. मुंबई आणि हिंदुस्थान सरकार राजी होतं, लंडनच्या भारतमंत्र्यांनी नामंजूर केलं.

ही कल्पना जर्मनीत तेव्हा चालू होती. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन नावाच्या एका खेड्याच्या महापौराने १८६४ मध्ये हेडेसडोर्फला शेतकऱ्यांची पतपेढी काढली होती. एर्लांगेनच्या आसपासच्या खेड्यांतून सायकलवर फिरताना आजही त्याच्या नावाच्या पाट्या दिसतात. मद्रासच्या फ्रेडरिक निकल्सनने १८९० च्या दशकात त्याचा अभ्यास करून अहवाल दिला, १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, आणि आपल्या गावची सोसायटी त्या वंशातली. म्हणजे पुरंदरला जे वीस वर्षं आधी होऊ शकलं असतं ते झालं नाही.

मित्राने मागच्या वर्षी शेवटचा हप्ता भरला. काकांनी त्यांच्या वाट्याचे पैसे मिळाल्याची पावती पाठवली, रेव्हेन्यू स्टँप लावून.

माझं मात्र एक काम राहिलं होतं. आजी म्हणायची तसं आमचं नेमकं काय बुडालं, ते बघायचं. गेल्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा माळ्यावरची लोखंडी पेटी काढली. कागद मोडीत, मला किंवा बाबांना ओ की ठो कळेना. मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक भेटले, त्यांनी दोन दिवस बसून वाचून दिलं. १८९० च्या पुढची गहाणखतं त्यात जवळजवळ नाहीतच. आहेत ती खरेदीखतं. आणि प्रत्येक खरेदीखताला टाचलेली एक कबुलायत, ज्यात जमीन विकणाराच ती जमीन वर्षाच्या खंडाने कसायला घेतो. गुरुजींनी चष्मा काढला आणि म्हणाले, "हा खंड म्हणजे व्याज हो." गहाण म्हटलं की कोर्ट हिशोब उलगडणार, म्हणून कागदावर विक्री दाखवायची. ही पळवाट इतकी चालली की पुढे कायद्यात दुरुस्ती करून अशी विक्री मुळात गहाणच होती हे सिद्ध करायची मुभा द्यावी लागली. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही सावकारीतून बळकावलेली जमीन परत देण्याचं कलम आहेच, म्हणजे पळवाट अजून जिवंत असावी.

तर कायद्याने आमचं काही बुडालं नव्हतं. उलट आमच्या खापरपणजोबांच्या हातात आधी गहाण होती ती जमीन मालकीची झाली होती. ती आमच्याकडे राहिली साठेक वर्षं. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कुळांना मालकी मिळाली तेव्हा आजोबांकडून गेली, आणि आजीची 'कायदा आला' ही तक्रार बहुधा या दुसऱ्या कायद्याची होती; दोन कायदे तिच्या बोलण्यात एक झाले होते.

बाबांनी १९५७ च्या कुळाचं आडनाव सांगितलं. गुरुजींनी खरेदीखतातल्या विकणाऱ्याचं आडनाव पुन्हा वाचलं. एकच.

बाबा बराच वेळ कागद हातात घेऊन बसले. त्यांना वाचता येत नव्हता तरी. मग घडी घालून पेटीत ठेवत म्हणाले, "बरं झालं, आई असताना उघडली नाही."